तीन अंशांवर उतरा, तीस अंशांवर टाका

डीसीएस वर्ल्ड हा संगणकावरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर पहिल्यांदा सुरू केला की हात आधी क्षेपणास्त्राच्या बटणाकडे जातो. उतरायचं मागाहून बघू म्हणतात, आणि ते ‘मागाहून’ धावपट्टीपलीकडच्या शेतात संपतं. इथे क्रम उलटा ठेवला आहे. बॉम्ब नेमका पाडणं आणि विमान नेमकं टेकवणं ही कामं वेगळी दिसली तरी हाताला एकच पडतात: वेग बांधायचा, कोन बांधायचा आणि विमान ज्या बिंदूकडे चाललं आहे तो बिंदू हवा तिथे धरून ठेवायचा. उतरताना हे करायला दोन-तीन मिनिटं मिळतात, बॉम्ब टाकताना जेमतेम तेरा सेकंद. म्हणून हात आधी उतरण्यावर बसवायचा.

आधी सामान

डीसीएसचा मूळ भाग फुकट आहे. त्यात कॉकेशस आणि मरियाना बेटांचे नकाशे येतात, आणि दोन विमानं: टीएफ-५१डी मस्टँग आणि सुखोई-२५टी. मस्टँगला शस्त्रं नाहीत, पण स्टिक हाताळायला शिकण्यासाठी ते उत्तम. सुखोईवर बॉम्ब, रॉकेट, लेझरवर जाणारी क्षेपणास्त्रं सगळं आहे. पुढे एफ-१६सी किंवा एफ/ए-१८सी घ्यावंसं वाटेल. पैसे डॉलरमध्ये जातात, तेव्हा सेल लागेपर्यंत थांबा. बहुतेक विमानं १४ दिवस फुकट चालवून बघता येतात, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

एसएसडीवर दोनेकशे जीबी जागा मोकळी ठेवा. रॅम १६ जीबीवर चालतं, ३२ असेल तर सुखाने चालतं. डाउनलोड मोठं आहे, पण मध्येच तुटलं तर राहिलं तिथून पुढे सुरू होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एप्रिल-मे महिन्यात वळीव आला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस लावलेला बरा. अपडेट लिहिलं जात असताना मशीन बंद पडलं तर फायली बिघडतात आणि ‘रिपेअर’ चालवत बसावं लागतं.

जॉयस्टिक हवीच. दांडा पिळून रडर (नाक डावं-उजवं) देता येतो अशी साधी जॉयस्टिक, म्हणजे लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टर टी-१६०००एम, सुरुवातीला पुरेशी आहे. कंट्रोल्समध्ये ‘अ‍ॅक्सिस ट्यून’ उघडून पिच (नाक वर-खाली) आणि रोल (पंख तिरके) यांना १५ ते २० कर्व्ह द्या, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ लागते. डेडझोन, म्हणजे मध्यावरची निष्क्रिय जागा, २-३ पुरे. इथे एक खोड आधीच माहीत असू द्या. डीसीएस जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपणहून अक्ष वाटून देतं. गेमपॅड लावलेलाच राहिला असेल तर पिच दोन ठिकाणांहून येते आणि विमान आचके देत उडतं. नवशिके जॉयस्टिकला शिव्या घालतात. कंट्रोल्सच्या पानावर दुसऱ्या यंत्राच्या रकान्यातले अक्ष पुसून टाकले की झालं.

मीटर, फूट आणि सांबरा

सुखोई मीटर आणि किलोमीटरमध्ये बोलतं, एफ-१६ फूट आणि नॉटमध्ये. बाजारात कन्नड, घरात मराठी आणि कामावर तिसरीच भाषा असं दिवसभर करणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला याचं ओझं वाटू नये. १ नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. ४५० नॉटला विमान सेकंदाला सुमारे २३१ मीटर जातं. बेळगाव ते खानापूर साधारण २५ किलोमीटर धरलं तर एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. ‘टार्गेट अजून लांब आहे’ असं मनात आलं की हा आकडा आठवा.

उंचीचा घोळ मात्र याहून वाईट. बेळगावच्या सांबरा विमानतळावर जमिनीवर उभं असलेलं विमानसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असतं. तिथे धावपट्टीच्या वर १५०० फुटांवर यायचं तर उंचीमापकावर ४००० दिसायला हवेत. कॉकेशस नकाशातलं बातुमी समुद्रकाठी, अवघ्या १० मीटरवर, तर तिबिलिसी ४८० मीटरच्या आसपास. बातुमीवर पाठ केलेले आकडे तिबिलिसीला जसेच्या तसे वापरले तर विमान जमिनीत जातं. या लेखातल्या सगळ्या उंच्या खालच्या जमिनीपासून मोजलेल्या आहेत. तुमच्या मापकावरच्या आकड्यात जागेची उंची मिळवून घ्या.

उतरणं: डोळ्यांनी

मिशन एडिटरमध्ये एक छोटं मिशन बनवा. बातुमीच्या धावपट्टी १३ च्या समोर, समुद्रावर १० नॉटिकल मैलांवर (एक म्हणजे १.८५ किलोमीटर), ३००० फूट उंचीवर एफ-१६ हवेतच सुरू करा. वारा शून्य, आभाळ स्वच्छ. हेच मिशन वीसदा उडवायचं आहे, तेव्हा नाव देऊन जपून ठेवा.

उतरायचा उतार ३ अंशांचा. शंभर पावलं पुढे गेलं की पाच पावलं खाली, म्हणजे घाटातल्या बऱ्यापैकी रस्त्याइतका. फुटांत, प्रत्येक नॉटिकल मैलाला ३००. दहा मैलांवर ३०००, पाचवर १५००, तीनवर ९००, एकवर ३००. आणि खाली येण्याचा दर मिनिटाला किती फूट, तर वेग नॉटमध्ये घेऊन पाचाने गुणा: १५० नॉटला ७५०. एवढी दोन गणितं डोक्यात असली की कुठल्याही उपकरणाशिवाय आपण वर आहोत की खाली हे कळतं.

हडवर, म्हणजे समोरच्या काचेवर, पंख फुटलेला एक छोटा गोल दिसतो. तो फ्लाइट पाथ मार्कर. नाक कुठेही असो, विमान त्या गोलाकडेच चाललेलं असतं. नवशिका नाक धावपट्टीवर ठेवतो. ठेवायचा असतो हा गोल.

३०० नॉटच्या खाली आल्यावर चाकं सोडा. एफ-१६ चे फ्लॅप (पंखांच्या कडेच्या झडपा) आपणहून उतरतात, स्पीडब्रेक (वेग मोडणाऱ्या झडपा) उघडा. चाकं खाली आली की हडवर अँगल ऑफ अटॅकचा, म्हणजे पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतात त्या कोनाचा, कंस येतो. त्याचं वरचं टोक ११ अंश, मधला भाग १३, खालचं टोक १५. मार्कर धावपट्टीच्या सुरुवातीवर ठेवून वेग इतका कमी करा की मार्कर कंसाच्या वरच्या टोकाशी येईल. वेग आकड्याने पाठ करू नका. पोटात इंधन किती आणि पंखाखाली न टाकलेले बॉम्ब किती यावर तो बदलतो, पण ११ अंश बदलत नाहीत.

आता दोन्ही हात वेगवेगळी कामं करतात. स्टिक मार्करला धावपट्टीच्या तोंडावर धरते, थ्रॉटल कंसाला. कंसात मार्कर खाली सरकला की वेग कमी झाला आहे, थ्रॉटल थोडा पुढे. हे ‘थोडा’ महत्त्वाचं. इंजिन प्रतिसाद द्यायला सेकंद-दीड सेकंद घेतं. त्या वेळात आणखी ढकललं की वेग वाढतो, मग ओढलं की पडतो, आणि पाच मैल हा झोपाळा चालू राहतो. ढकला, मोजा एक-दोन, मग बघा.

धावपट्टीवर आलात की नाक हळूच वर घेऊन १३ अंशांवर टेकवा आणि नाक तसंच हवेत धरून ठेवा. विमानाचं पोटच ब्रेकचं काम करतं. १५ अंशांच्या वर गेलात तर मागचं नोझल डांबराला घासतं. वेग १०० नॉटच्या खाली आला की नाक आपसूक उतरू द्या, मग चाकांचे ब्रेक. नोजव्हील स्टीअरिंग (पुढचं चाक वळवणं) ७० नॉटच्या खाली येईपर्यंत लावायचं नाही. वेगात लावून रडर दिला की विमान कोलांटी घेतं, आणि इतकं छान उतरल्यावर ते फार लागतं.

धावपट्टीच्या कडेला पापी दिवे असतील तर (नावावर जाऊ नका, बिचारे खरंच बोलतात) दोन पांढरे, दोन लाल दिसले म्हणजे ३ अंश बरोबर. चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली.

उतरणं: ढगात, आयएलएसवर

जुलैत चोर्ला घाटात गाडीपुढचं दहा फूट दिसत नाही, तसं आभाळ मिशनमध्ये लावलं की डोळे निकामी. तिथे आयएलएस. जमिनीवरून दोन किरण येतात. लोकलायझर सांगतो डावं-उजवं, ग्लाइडस्लोप सांगतो वर-खाली.

बातुमीची फ्रिक्वेन्सी ११०.३०, टॅकन (तळाची दिशा आणि अंतर सांगणारा रेडिओ) १६ एक्स. कोबुलेतीची १११.५० आणि ६७ एक्स, कुताइसीची १०९.७५ आणि ४४ एक्स. एफ-१६ मध्ये डावीकडच्या ऑडिओ पॅनलवरचा आयएलएसचा नॉब आधी फिरवून चालू करा. तो बंद असला तर पुढचं सगळं व्यर्थ, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं. मग समोरच्या कीपॅडवर टी-आयएलएस दाबा, ११०३० टाकून एंटर, धावपट्टीची दिशा टाकून एंटर, आणि कमांड स्टीअरिंग निवडा. दिशा अंदाजाने टाकू नका, गुडघ्यावरच्या पॅडवर किंवा नकाशात असते.

सुया मध्यावर आणायच्या असतात, त्यांच्या मागे धावायचं नसतं. लोकलायझर डावीकडे असेल तर ५ ते १० अंश तिरकं होऊन डावीकडे वळा आणि सुई परत यायला लागताच सरळ व्हा. सुई मधोमध येईपर्यंत वळत राहिलात तर तुम्ही पलीकडे निघून जाता. ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडा: १५०० ते २००० फुटांवर सपाट उडत या, सुई वरून खाली येऊन मध्याला लागली की उतरायला सुरुवात. वरून डुबकी मारून पकडायला गेलात तर वेग वाढतो आणि कंस हातातून जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात येता येता महिने जातात. डीसीएसमध्ये वाऱ्यावरून धावपट्टीची दिशा ठरते, आणि बातुमीला आयएलएस एकाच बाजूने, समुद्राकडून आहे. मिशनमध्ये वारा उलटा लावला की किरणच बंद. फ्रिक्वेन्सी बरोबर, नॉब चालू, तरी सुया मेल्यासारख्या पडून असतील तर आधी वारा बघा.

सुखोई-२५टी मध्ये हे बरंच सोपं आहे. मूळ मांडणीत १ हे बटण पुन्हा पुन्हा दाबत उतरण्याच्या मोडवर आलं की हडवर वाट दाखवणारं वर्तुळ येतं. चाकं जी, फ्लॅप एफ, शेवटच्या टप्प्यात वेग २८० किलोमीटरच्या आसपास, टेकल्यावर पी दाबून पॅराशूट.

शस्त्रं: आधी साधा बॉम्ब

लेझर आणि जीपीएस सोडून मार्क-८२ ने सुरुवात करा. ५०० पौंडी वर्गाचा हा बॉम्ब एकदा सुटला की पडत राहतो, त्याला नंतर काही सांगता येत नाही. म्हणून चूक झाली की ती आपलीच.

डुबकी का मारायची याचं गणित बघा. ४५० नॉट, ४००० फूट. हवेचा अडथळा सोडून दिला तर सपाट उडत सोडलेला बॉम्ब सुमारे १६ सेकंद हवेत राहतो आणि ३.६ किलोमीटर पुढे पडतो. तोच ३० अंश खाली नाक करून सोडला तर ८ सेकंद आणि १.६ किलोमीटर. आता कोनात एक अंशाची चूक झाली असं धरा. सपाट उडताना बॉम्ब नव्वदेक मीटर चुकतो, डुबकीत पंचेचाळीस. बॉम्ब जितका कमी वेळ हवेत, तितकी तुमची चूक कमी वाढते.

संगणक पडण्याची जागा सतत मोजून हडवर दाखवतो, त्याला सीसीआयपी म्हणतात. खाली लोंबणाऱ्या रेषेच्या टोकाला जो बिंदू असलेला गोल असतो तो पिपर. ‘आत्ता सोडलास तर इथे पडेल’ एवढंच तो सांगतो.

१. जमिनीवरच मार्क-८२ चे चार बॉम्ब लावा. मिशनमध्ये सपाट माळावर एक ट्रक उभा करा, विमानविरोधी तोफ नको. १०,००० फुटांवर, ४०० नॉटला सुरुवात.

२. एजी मोड (जमिनीवर मारा करण्याचा), शस्त्रांच्या पानावर सीसीआयपी, सोडण्याची संख्या १. मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रांचा मुख्य स्विच, ‘आर्म’वर.

३. ट्रक साधारण ३ मैलांवर, पंखाच्या बाजूला आला की विमान जवळजवळ पालथं करून नाक खाली ओढा आणि मग सरळ व्हा. सरळ राहूनच नाक खाली दाबलं तर शरीर सीटमधून उचललं जातं, नजर लाल होते आणि ट्रक नाकाखाली दडतो.

४. हडवरच्या शिडीत ३० अंश वाचा. डोळ्यावर विसंबू नका. २० अंशांची डुबकी नवशिक्याला विहिरीत उडी मारल्यासारखी वाटते. थ्रॉटल मागे, वेग ४५० ते ४८० च्या मध्ये.

५. पिपर ट्रकच्या अलीकडे, खाली असायला हवा. तो आपणहून वर चढत ट्रककडे येतो. तुम्ही रेषा फक्त ट्रकवरून जाऊ द्या. १०,००० वरून ५००० वर यायला तेरा सेकंद लागतात, त्यातले पहिले पाच डाव्या-उजव्या दुरुस्तीला, उरलेले शांत बसायला.

६. पिपर ट्रकवर आला की सोडण्याचं बटण दाबा आणि दाबून धरा. सुटला की पंख सरळ ठेवून ४ ते ५ जी ने (वजनाच्या चार-पाच पट जोराने) वर ओढा.

७. ३००० फुटांच्या खाली जायचं नाही. पिपर ट्रकवर यायच्या आत ४५०० झाले तर बॉम्ब न टाकताच वर या, फेरी पुन्हा मारा. फार खाली सोडलेल्या बॉम्बचा फ्यूज सज्ज व्हायला वेळ मिळत नाही, आणि मिळालाच तर तुकडे तुमच्याच पोटात येतात. हडवर मोठी फुली आली म्हणजे आत्ताच्या आत्ता वर.

बॉम्ब लांब पडत असेल तर बहुधा बटण दाबतानाच स्टिक ओढली जाते. अंगठा आणि मनगट सोबत हलतात. आधी बटण, सुटल्याचं कळलं की मग ओढणं. बाजूला पडत असेल तर पंख तिरके होते. उतरताना मार्कर धावपट्टीवर धरायची सवय झाली असेल तर हे दोन्ही दोष लवकर जातात.

सपाट उडत टाकायचं तर सीसीआरपी. निशाणा आधी नोंदवायचा, उभ्या रेषेवर मार्कर ठेवायचा, बटण दाबून धरायचं, वेळ आली की संगणकच सोडतो. हे सोपं आहे, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर. हात काही शिकत नाही.

लेझर आणि जीपीएस

जीबीयू-१२ म्हणजे मार्क-८२ लाच लेझर शोधणारं डोकं आणि पंख. बॉम्बचा कोड आणि पॉडचा (विमानाखाली लावलेल्या कॅमेरा-लेझरच्या डब्याचा) कोड एकच हवा. डीसीएसमध्ये सहसा १६८८ असतो. लेझर आर्मचा वेगळा स्विच आहे, मास्टर आर्मने तो चालू होत नाही. १५,००० ते २०,००० फुटांवरून सीसीआरपीने सोडा आणि लेझर शेवटच्या ८ ते १० सेकंदांतच लावा. जुन्या पद्धतीच्या या बॉम्बचे पंख पूर्ण इकडे नाहीतर पूर्ण तिकडे वळतात. लेझर लवकर दिसलं तर तो वळत वळत शक्ती घालवतो आणि अलीकडेच पडतो. सोडल्यावर हळुवार वळा. जोरात तिरकं झालात तर पॉडच्या नजरेआड आपलंच विमान येतं.

जीपीएसवरचा जीबीयू-३८ वीज दिल्यावर काही मिनिटं स्वतःची जागा ओळखत बसतो, तेव्हा टार्गेटजवळ पोचून चालू करू नका. त्याला ट्रक दिसत नाही, फक्त जागेचा आकडा आणि उंची कळते. एडिटरमधला वेपॉइंट (नकाशावर नोंदवलेला बिंदू) जमिनीवर आणलेला नसेल तर तो हवेतच दोन हजार मीटरवर लटकत असतो, बॉम्ब त्या हवेतल्या बिंदूतून जातो आणि ट्रकच्या बराच पलीकडे पडतो. मॅव्हरिक क्षेपणास्त्राचा जायरो फिरून तयार व्हायलाही तीनेक मिनिटं द्यावी लागतात.

सुखोईवर क्रम असा: ७ ने जमिनीवरचा मोड, ओ ने श्क्वाल कॅमेरा, टार्गेट पकडा, डी ने विख्र क्षेपणास्त्र निवडा, उजवा शिफ्ट आणि ओ ने लेझर. काचेवर परवानगीचं रशियन चिन्ह आलं की स्पेस. विख्र लेझरच्या किरणातूनच जातं, म्हणून लागेपर्यंत पाठ फिरवायची नाही. लेझर तापतं, त्याला मध्ये विश्रांती द्या.

“बटण दाबलंय की, तरी पडत नाही”

याच क्रमाने बघा. मास्टर आर्म. चाकं खाली राहिली आहेत का. बटण टिचकी मारून सोडलं का, कारण सीसीआरपीत धरूनच ठेवावं लागतं. निवडलेलं शस्त्र खरंच उरलं आहे का. मोड हवाई लढाईचा तर नाही. आणि शेवटी जॉयस्टिकवर ‘तोफेचा ट्रिगर’ आणि ‘शस्त्र सोडणं’ यांची अदलाबदल झाली आहे का. ही दोन वेगळी बटणं आहेत, आणि नवीन स्टिकवर पहिल्या आठवड्यात हमखास गल्लत होते.

सोडल्यावर एफ-६ दाबलं की बॉम्बमागचं दृश्य दिसतं. ते बघण्याचा मोह पहिले दहा दिवस टाळा. तुम्ही बॉम्ब बघत असता तेव्हा विमान ३० अंश खालीच चाललेलं असतं. मिशन संपल्यावर ट्रॅक (उड्डाणाची नोंद) जपून ठेवा आणि मग निवांत चहा घेत पाहा. एका वहीत चारच रकाने: सोडतानाची उंची, कोन, वेग, आणि किती मीटर कुठे चुकला. वीस ओळी झाल्या की आपला हात कुठे ओढतो ते दिसतं.

एफ/ए-१८ घेतलंत तर दोन फरक. त्यात जमिनीवरचा आयएलएस नाही, जहाजावरचा आयसीएलएस आहे, तेव्हा बातुमीला टॅकन आणि डोळे. आणि कंसाचा कोन ८.१ अंश. मार्कर कंसाच्या मधोमध आणि बाजूच्या दिव्यात पिवळा गोल दिसला की वेग बरोबर. जहाजावर उतरताना टेकायच्या आधी नाक उचलायचं नाही, तोच कोन डेकला लागेपर्यंत धरायचा, आणि चाकं टेकल्या क्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे. शेपटीच्या हूकला डेकवरची अडवणारी तार लागली नसेल तर डेक संपायच्या आत पुन्हा हवेत जायचं असतं.